ए-२ च्या पुढचं पोर्तुगीज: कोइंब्रा विद्यापीठातलं एक वर्ष

पोर्तुगालमध्ये सरकारी कागदांना लागणारं पोर्तुगीज ए-२ पातळीला संपतं, म्हणजे युरोपातल्या ए-१ ते सी-२ या भाषेच्या मोजपट्टीवर खालून दुसऱ्या पायरीला. कायम वास्तव्याचा परवाना असो की नागरिकत्वाचा अर्ज, ए-२ चं प्रमाणपत्र जोडलं की भाषेचा रकाना भरला. इथे आलेले बहुतेक लोक तिथेच थांबतात, आणि त्यात काही चूक नाही. नोकरी, मुलं, घरभाडं सांभाळून संध्याकाळी क्रियापदं घोकायची हौस कोणाला असते?

मी पुढे गेले, कारण ए-२ हातात असूनही मी घराबाहेर मुकीच होते. मला पाव मागता यायचा, पण पाववाल्या बाईंनी उलट काही विचारलं की मी हसून मान हलवायची. लेकाच्या शाळेतल्या पालकसभेत दीड तास बसायचं आणि घरी येऊन नवऱ्याला सांगायचं, "सहलीबद्दल काहीतरी होतं, आणि उवांबद्दल." या लेखात विद्यापीठातल्या बी-१ वर्गाची हकिकत आहे. कोणी तो विचार करत असेल, तर अंदाज यावा म्हणून कागदपत्रांसकट लिहिते.

आम्ही २०२२ च्या सुरुवातीला कोइंब्राला आलो. नवरा इथे संशोधन करतो, मी कुटुंब म्हणून आलेली. मूळची मी सावंतवाडीकडची. पहिली दीड वर्षं मी सरकारी मोफत वर्गात शिकले. परदेशातून आलेल्या प्रौढांसाठी सार्वजनिक शाळांतून आणि रोजगार केंद्रांतून हे वर्ग चालतात, त्याला 'स्वागताची भाषा' अशा अर्थाचं नाव आहे. वर्ग बहुधा संध्याकाळी असतात, शेवटी ए-२ चं प्रमाणपत्र मिळतं, आणि ते नागरिकत्वाच्या अर्जाला चालतं, भाषेची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: पैसे भरायच्या आधी हा वर्ग शोधा.

त्याचाच पुढचा बी-१, बी-२ चा वर्गही असतो, पण तो सुरू व्हायला पुरेशी माणसं लागतात. २०२३ च्या वसंतात नाव दिलं, तेव्हा "यादी भरली की कळवू" असं उत्तर आलं. उन्हाळा संपला तरी यादी भरली नव्हती. तेव्हा नवराच म्हणाला, डोक्यावर सातशे वर्षांचं विद्यापीठ आहे, तिथे का विचारत नाहीस?

'डोक्यावर' हे शब्दशः. कोइंब्रा विद्यापीठ १२९० सालचं. आधी त्याची लिस्बन-कोइंब्रा अशी ये-जा चालायची, १५३७ पासून ते इथल्या टेकडीवर कायमचं बसलं. तिथल्या कलाशाखेत परदेशी विद्यार्थ्यांसाठी भाषा आणि संस्कृतीचा वार्षिक अभ्यासक्रम आहे. दोन सत्रं असतात: सप्टेंबर ते जानेवारी आणि फेब्रुवारी ते जून. एकच सत्र घेतलं तरी चालतं. जुलैत सुटीतला छोटा वर्गही असतो, पण त्यात बहुतांश परदेशातून खास त्यासाठी आलेली मंडळी असतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये पातळी ठरवायची चाचणी झाली. आधी लेखी: गाळलेल्या जागा, एक उतारा, आणि 'तुमचा नेहमीचा दिवस' यावर एक परिच्छेद. मग एका प्राध्यापिकेसमोर थोडं बोलणं. या चाचणीसाठी अभ्यास करू नका, खरंच. माझ्यासोबतच्या एका मुलीने पाठ केलेले परिच्छेद लिहून वरची पातळी मिळवली आणि पंधरवड्यात तिने स्वतःच खालचा वर्ग मागून घेतला. मला बी-१ मिळाला.

नोंदणीसाठी पासपोर्ट, वास्तव्य परवान्याचं कार्ड, कर क्रमांक आणि आधीच्या शिक्षणाचा पुरावा लागला. बाकी सगळं विद्यापीठाच्या 'इन्फोरश्तुदांत' नावाच्या पोर्टलवर. फीला इथे 'प्रोपीना' म्हणतात. ब्राझीलमध्ये त्याच शब्दाचा अर्थ लाच. त्यामुळे ब्राझिलियन मालिका बघून पोर्तुगीज शिकलेले लोक पहिल्या दिवशी कार्यालयात जरा दचकतात. फी भरायला पोर्टल एक संदर्भ देतं: पाच आकडी संस्थाक्रमांक, नऊ आकडी रेफरन्स आणि रक्कम. हे तीन आकडे कुठल्याही मुल्तिबांकु यंत्रात, म्हणजे इथल्या एटीएममध्ये, किंवा बँकेच्या अ‍ॅपमध्ये घातले की झालं. वीजबिल, शाळेची सहल, सगळं असंच भरतात, त्यामुळे ही पद्धत लवकर शिकून घ्या. फीसोबत विद्यार्थी विम्याची छोटी रक्कमही असते. फी दरवर्षी बदलते, म्हणून आकडा देत नाही. आमच्या घरात त्यासाठी बँकेतली एक जुनी ठेव मोडली, एवढं सांगते. पुस्तक तीसेक युरोंचं. बाकी झेरॉक्स, त्या इथल्या प्रत्येक विभागातल्या 'रेप्रोग्राफिया'त काही सेंटांत होतात.

वर्ग सकाळी. लेकाला शाळेत सोडायचं आणि प्रासा दा रेपुब्लिका या चौकाकडून वर चढायचं. मधे 'भव्य पायऱ्या' नावाचा एकशे पंचवीस पायऱ्यांचा जिना आहे. पहिल्या आठवड्यात मी वर पोचायची तेव्हा श्वासच एवढा लागलेला असायचा, की हजेरीला 'प्रेझेंत' म्हणायचंसुद्धा जड जायचं. शहर बसने वर जाता येतं, पण चुकली की पुढचीची वाट बघत बसावं लागतं.

वर्गात अर्ध्याहून जास्त मुलं चीनमधली, विशीतली, व्याकरणात पक्की. बाकी आम्ही उरलेसुरले: एक युक्रेनची डॉक्टर, एक निवृत्त जर्मन जोडपं, एक इराणी वास्तुविशारद. मी सगळ्यात वयस्क नाही, हे बघून बरं वाटलं.

आता मुख्य अडचणीबद्दल. युरोपातलं पोर्तुगीज वाचायला सोपं आणि ऐकायला अवघड आहे. ही माणसं स्वर गिळतात. लिहिलेला शब्द चार अक्षरांचा असतो, कानावर दोन पडतात. शेवटचा 'स' बहुतेक वेळा 'श' होतो. इंग्रजी किंवा मराठी लिपीतून शिकवणारी जी अ‍ॅप असतात, त्यांतली बहुतेक ब्राझीलचे उच्चार देतात. तिथले स्वर मोकळे, म्हणून कानाला खोटी सवय लागते. माझा उपाय असा होता: वहीत प्रत्येक नवीन शब्दापुढे देवनागरीत, ऐकू आला तसा उच्चार लिहायचा. शब्द कसा 'असायला हवा' ते मनातून काढून टाकायचं. 'एश्तार' हे पुस्तकातलं, 'श्तार' हे कानातलं, 'तार' हे बसमधलं. नाकातल्या स्वरांचा मात्र त्रास झाला नाही. मालवणी बोलत मोठं झालेल्या माणसाला ते कोणी शिकवावे लागत नाहीत. प्रुफेसोरा चिनी मुलांकडून 'पाँव' घोटून घेत होत्या तेव्हा मी आरामात बसून होते.

बटाटा, चावी, साबण, पगार ही पोर्तुगीजमधून मराठीत आलेल्या शब्दांची यादी मला प्रत्येक नातेवाइकाने फोनवर सांगितली आहे. बी-१ ला तिचा काही उपयोग होत नाही.

दुसरी अडचण इंग्रजीची. तुम्ही चाचरलात की तरुण माणूस लगेच इंग्रजीत वळतो. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण तुमची पाटी कोरी राहते. लिस्बनमध्ये हे जास्त होतं असं तिथल्या मैत्रिणी म्हणतात, कोइंब्रातही विद्यार्थ्यांच्या भागात होतंच. म्हणून मी माझी गिऱ्हाइकी बदलली. साठीच्या पुढच्या पोर्तुगीज लोकांनी शाळेत इंग्रजी नव्हे, फ्रेंच शिकलेलं असतं. ती माणसं इंग्रजीत वळूच शकत नाहीत. दोम पेद्रु नावाच्या बाजारातल्या भाजीवाल्या, खालच्या गावातलं बटणं-धाग्यांचं दुकान, चांभार, औषधाच्या दुकानातल्या वयस्कर बाई: माझ्या भाषेची खरी वाढ या गल्ल्यांवर झाली. औषधाच्या दुकानाची विशेष शिफारस करते. तिथे सेन्या, म्हणजे नंबराचं तिकीट, घेऊन बसायचं असतं, त्यामुळे पुढच्या चार जणांचं बोलणं फुकट ऐकायला मिळतं.

सुपरमार्केटच्या गल्ल्यावर मात्र एक वाक्य आधीच पाठ ठेवा. पैसे देताना मुलगी एका दमात काहीतरी म्हणते, ते असतं 'बिलावर कर क्रमांक टाकू का?' याला नुसतं 'नाँव' म्हणून सुटता येतं. टाकायचा असेल तर नऊ आकडे झरझर सांगता यायला हवेत. माझे आकडे ऑक्टोबरात न अडखळता आले. पालकसभेपेक्षा मला त्याचाच आनंद जास्त झाला होता.

दुपारी विद्यापीठाच्या खानावळीत जेवायचं. विद्यार्थी दरातलं ताट, सूपसकट, तीन युरोंच्या आसपास. शाकाहारी लोकांसाठी सांगते: २०१७ च्या कायद्याने सार्वजनिक खानावळींत रोज एक शाकाहारी पदार्थ ठेवणं बंधनकारक आहे, तेव्हा संकोच न करता मागा. बाहेरच्या हॉटेलांत हिरव्या सुपातही सॉसेजचा तुकडा पोहत असतो. आणि टेबलावर न मागता आलेले ऑलिव्ह-पाव फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत पाठवायचे.

नोव्हेंबरात लेकाला रात्री ताप चढला आणि नवरा परगावी होता. इथे दवाखान्यात धाव घेण्याआधी राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या ८०८ २४ २४ २४ या नंबरावर फोन करायचा असतो, नर्स प्रश्न विचारून कुठे जायचं ते सांगते. फोनवर ना चेहरा दिसत, ना ओठ. वय, वजन, ताप किती, कधीपासून, पुरळ आहे का, मान आखडली आहे का... मी तिला दोनदा म्हटलं, सावकाश बोला, मी परदेशी आहे. तिने खरंच वेग कमी केला. शेवटी ती म्हणाली, 'स अ फेब्र नाँव बायशार, व्होल्त अ लिगार', ताप उतरला नाही तर परत फोन करा. ताप पहाटे उतरला. फोनआधी कागदावर वजन, तापाचे आकडे आणि औषधांची नावं लिहून ठेवली होती, त्याचा फार आधार झाला. आपल्याकडून जाणाऱ्यांनी आरोग्य केंद्रात नाव नोंदवून 'उतेंत', म्हणजे आरोग्य सेवेतला रुग्ण क्रमांक पहिल्या महिन्यातच घ्यावा, फोनवर तोही विचारतात.

डिसेंबर-जानेवारीबद्दल एवढंच, की पोर्तुगीज घरं आतून बाहेरच्यापेक्षा गार असतात, आणि मी परीक्षेचा अभ्यास पांघरूण गुंडाळून केला. गुण वीसपैकी देतात, दहाला पास. मला तेरा मिळाले. ऐकण्यात सगळ्यात कमी.

फेब्रुवारीत दुसऱ्या सत्राची नोंदणी करताना वेगळाच पेच आला. पहिलं वास्तव्य कार्ड दोन वर्षांचं असतं, ते माझं नुकतंच संपलं होतं आणि नूतनीकरणाची तारीख मिळत नव्हती. सरकारने अशा मुदत संपलेल्या कागदांना ३० जून २०२४ पर्यंत ग्राह्य धरायचा आदेश काढला होता. मी तो छापून, त्या ओळीखाली रेघ मारून, कार्डासोबत पोर्टलवर चढवला. काही अडलं नाही. हा कागद बँकेतही चालला. नियम बदलत राहतात, म्हणून त्या त्या वेळचा आदेश स्वतःजवळ ठेवा. समोरच्या माणसाला तो माहीत असेलच असं नाही.

दुसऱ्या सत्राचा राजा म्हणजे कोंझुंतीवु. इच्छा, शंका, शक्यता, विनंती, भीती, सगळ्याला क्रियापदाचं वेगळं रूप. वर्गातला जर्मन गृहस्थ म्हणाला, हे कवितेसाठी असेल, बाजारात कोण बोलणार? प्रुफेसोरांनी फळ्यावर लिहिलं: 'क्वांदु शेगारश, तेलेफोना-म.' पोचलास की फोन कर. मग लक्षात आलं, नोव्हेंबरातल्या नर्सचं 'बायशार' हेही तेच रूप होतं. आपणसुद्धा 'पोचशील की' म्हणत नाही, 'पोचलास की' म्हणतो. न घडलेल्या गोष्टीला झालेल्याचं रूप देतो. मराठी माणसाला ही वाट ओळखीची आहे, इंग्रजीमार्गे गेलो की ती हरवते. त्या दिवसापासून मी व्याकरणाच्या टिपा इंग्रजीत काढणं बंद केलं.

आदराच्या बाबतीतही मराठीच कामी आली. 'व्होसे' हा शब्द पुस्तकात 'तुम्ही' म्हणून येतो, पण पोर्तुगालमध्ये तो वयस्कर माणसाच्या तोंडावर वापरला तर खटकतो. त्याऐवजी नाव घेऊन तृतीय पुरुषात बोलायचं. म्हणजे शेजारच्या आजींना समोरासमोर विचारायचं, "दोना अमक्यांना कॉफी हवी का?" आमच्याकडे नाही का, काकू समोर बसलेल्या असताना विचारतात, "काकूंनी जेवण केलं का?" युक्रेनच्या डॉक्टरला हे शेवटपर्यंत विचित्र वाटत राहिलं.

२०२४ चा वसंत भाषा शिकायला फार चांगला होता. १० मार्चला निवडणूक होती, आणि २५ एप्रिलला हुकूमशाही संपवणाऱ्या १९७४ च्या क्रांतीला पन्नास वर्षं होत होती. रेडिओ, टीव्ही, शाळेची भित्तिपत्रकं, सगळीकडे एकच विषय, त्यामुळे तेच शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडायचे. सरकारी वाहिनीचे कार्यक्रम नेटवर मोफत बघता येतात. मी एकच बातमीपत्र आधी मजकूर वाचून आणि मग ऐकून करायची. प्रुफेसोरांनी गृहपाठ दिला: १९७४ आठवणाऱ्या एका माणसाशी बोला आणि दोन पानं लिहा.

शेजारच्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, मला काय विचारतेस, रविवारी माझे दीर जेवायला येतात, त्यांना विचार, ते तुमच्याकडे होते. 'तुमच्याकडे' म्हणजे गोव्यात. १९६१ च्या डिसेंबरात ते तिथे सक्तीच्या लष्करी सेवेत होते, जेमतेम विशी ओलांडलेले. शरणागतीनंतर तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी झाले, त्यांत तेही, फोंड्याच्या छावणीत. मे १९६२ मध्ये त्यांना कराचीमार्गे जहाजाने परत आणलं. तेव्हाच्या हुकूमशहा साला‌झारने शेवटच्या माणसापर्यंत लढायचा हुकूम दिला होता, त्यामुळे लिस्बनच्या धक्क्यावर हारतुरे नव्हते, लष्करी पोलीस होते. गव्हर्नर वासालू इ सिल्वांना तर सैन्यातून काढलं आणि क्रांतीनंतरच परत घेतलं. आजोबांना २५ एप्रिल म्हटल्यावर आधी हेच आठवलं: आता आम्हाला कोणी भित्रे म्हणणार नाही.

मी लिहून घेत होते. बोलता बोलता ते सारखं 'इन्वाझाँव' म्हणत होते, आक्रमण. माझं गाव गोव्याच्या सीमेला लागून. आमच्या बांद्याच्या पलीकडे पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. गप्प बसता आलं असतं. ए-२ वर असते तर गप्प बसणं हाच एक पर्याय होता, कारण तेवढ्या भाषेत फक्त 'हो', 'नाही' आणि 'चूक' म्हणता येतं, आणि पंचाऐंशीच्या घरातल्या, पाहुणा म्हणून बसलेल्या माणसाला 'चूक' म्हणायचं नव्हतं. मी मनात वाक्य जुळवलं आणि म्हटलं, 'आमच्यासाठी, तालवेश नाँव सेझा एसा अ पालाव्रा.' कदाचित तो शब्द नसावा. मग पत्रादेवीबद्दल, जमेल तसं, तुटक सांगितलं.

आजींनी भांडी उचलायचं थांबवलं. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोयश. पारा व्होसेश, नाँव." बरोबर, तुमच्यासाठी नाही. आणि विचारलं, जूनमध्ये तिथे अजून तसाच पाऊस पडतो का? त्या पावसावर आम्ही तासभर बोललो.

निबंधाला चौदा मिळाले. प्रुफेसोरांनी लाल पेनाने नऊ सर्वनामं जागेवर आणून ठेवली होती.

मे महिन्यात केइमा दश फीताश, म्हणजे विद्यार्थ्यांचा आठवडाभराचा उत्सव. काळ्या झग्यातली मुलं, मध्यरात्रीची गाणी, आणि रिकामे वर्ग. नवख्यांनी या काळात काही कागदपत्रांचं काम काढू नये. जूनमध्ये अंतिम परीक्षा: वाचन, लेखन, ऐकणं आणि जोडीने तोंडी. माझ्या जोडीला चिनी मुलगी होती, आम्हाला घर भाड्याने घ्यायचा संवाद आला. दोघींनी घरमालकाला एवढं झापलं की परीक्षक हसले. पास झाले.

या प्रमाणपत्राशिवाय लिस्बन विद्यापीठाच्या केंद्राची बी-१ ची स्वतंत्र परीक्षा असते, देप्ले नावाची. चार भाग, पंचावन्न टक्क्यांना उत्तीर्ण. नोकरीसाठी किंवा दुसऱ्या विद्यापीठातल्या प्रवेशासाठी पुरावा हवा असेल तर ती द्यावी. मी दिली नाही, मला कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं आणि ठेवही एकच होती.

अजून काय जमत नाही: चार पोर्तुगीज एकदम बोलायला लागले की माझा धागा सुटतो, विनोद सांगता येत नाही, आणि फोन ठेवायला इथल्या लोकांना लागतात तेवढे निरोपाचे शब्द मला अजून सुचत नाहीत. पालकसभेत मात्र गेल्या वेळी मीच उवांबद्दल बोलले, केस न कापता काय करता येतं ते. दोन आयांनी नंतर तेलाचं प्रमाण विचारलं.

बी-२ साठी नाव घातलं आहे. कोणाला याच वर्गात यायचं असेल तर जुलैतच पोर्टल बघायला लागा. ऑगस्टमध्ये इथे कोणीही ई-मेलला उत्तर देत नाही.